टाचेचा आकडा

इतेन, ९ सप्टेंबर १९९९

मामा,

तुम्ही मोंबासाला बदलून गेल्यापासून मी तुम्हाला दोनच पत्रं लिहिली, आणि दोन्हींत काहीतरी मागितलं. हे तिसरंही तसलंच आहे, म्हणून आधीच कान पकडतो. आई बरी आहे. मका डोक्याच्या वर गेलाय. बायको जेमुताई तुमची आठवण काढते आणि म्हणते की आमच्या लग्नात तुम्ही कबूल केलेला आईच्या माहेरचा मध अजून पोचलेला नाही.

आता माझ्या डाव्या टाचेचं. मागून जी जाड शीर पोटरीत जाते ती दोन वर्षं दुखतेय. बोटांनी चाचपली तर मधोमध गाठ लागते. सकाळी खाटेवरून उतरताना ती आखडलेली असते. मी चार वेळा विश्रांती घेतली, एकदा तर सलग दोन महिने. दुखणं जातं. मग धावायला लागलो की तिसऱ्या आठवड्यात परत हजर. आजीनं पाला बांधून पाहिला, चटके देऊन पाहिले.

एप्रिलच्या शेवटी आमच्या धावण्याच्या शिबिराची चाचणी आहे, पंधरा किलोमीटर. पहिले सहा जण युरोपातल्या शर्यतीला जातील. बाकीच्यांत जे कामाचे नाहीत त्यांच्या खाटा नव्या मुलांना देणार, असं कोच बिवोट यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, म्हणून मला कळलं. मी अठ्ठावीस वर्षांचा झालो. खाट गेली की माझं धावणं संपलं, मामा. मला दुसरं काही येत नाही, आणि शिकायचीही इच्छा नाही.

खाली मोठ्या गावात एकजण टाचेत सुई टोचतो. दुसऱ्या दिवशी धावता येतं म्हणतात. टोचून घेऊ का? तुम्ही इस्पितळात हातापायांवरच उपचार करता, म्हणून विचारतो.

तुमचा भाचा,
याटोर


मोंबासा, २० सप्टेंबर १९९९

याटोर,

सुई टोचून घेतलीस तर पुढचं पत्र मला लिहू नकोस, मी ते उघडणार नाही. माझ्याकडे बंदरातला एक हमाल आला होता. अशीच सुई, आठवडाभर मजेत, आणि नवव्या दिवशी गोणी उचलताना शीर तुटली. आवाज शेजारच्या गोदामात ऐकू गेला. सुई दुखणं झोपवते आणि शीर कमजोर करते.

विश्रांतीचंही तेच. दोन महिने बसलास की दुखायचं थांबतं, पण शीर होती तशीच राहते, उलट आणखी लुळी पडते. जुन्या दुखण्यात शीर आतून विस्कटलेली असते. तिला नीट बांधून घ्यायचं तर तिच्यावर भार टाकावा लागतो, रोज, मोजून. गेल्या वर्षीपासून आम्ही एक पद्धत वापरतोय. वाचून हसू येईल, पण हसून झालं की कर.

पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभा राहा, टाचा हवेत. उजव्या पायानं वर जा. मग सगळं वजन डाव्यावर घे आणि टाच पायरीच्या खाली जाईपर्यंत हळूहळू उतर. पुन्हा उजव्यानं वर. पंधरा वेळा, मग दम घे. असं तीनदा गुडघा सरळ ठेवून, तीनदा वाकवून. सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे, रविवारीसुद्धा. धावणं तोवर बंद.

हे करताना दुखेल. दुखू दे. पण किती दुखतं ते मला कळलं पाहिजे, कारण मी तिथे नाही. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे पाय कापून टाकावासा वाटणं. दर रविवारी दोन आकडे लिही: व्यायाम करतानाचा, आणि सकाळी खाटेवरून पहिलं पाऊल टाकतानाचा. पाचापर्यंत चालेल. पाचाच्या वर गेला तर भार कमी करू. शून्य आला तर पाठीवर वजन चढवू. मी तुझ्या टाचेला नाही, तुझ्या आकड्याला औषध देणार आहे, हे लक्षात ठेव.

फोन करू नकोस. फोनवर आपली माणसं सगळं बरं आहे एवढंच सांगतात.

मधाचं मी विसरलो नव्हतो. जेमुताईला सांग की विसरलो होतो, म्हणजे ती खूश होईल.

मामा


इतेन, १० ऑक्टोबर १९९९

मामा,

व्यायाम चालू आहे. शिबिरात पायरी एकच, स्वयंपाकघराची. त्यामुळे आचारी अराप सांग मक्याच्या पिठाच्या उगालीचं पातेलं घेऊन आला की मला बाजूला व्हावं लागतं, आणि मोजणी विसरली की पहिल्यापासून. पोरांना करमणूक झालीय. परवा किमेली म्हणाला, ''याटोर तीन आठवडे चढतोय, अजून स्वयंपाकघरात पोचला नाही.'' सगळे दूध नाकातून येईपर्यंत हसले. मीही हसलो.

तुम्ही सांगितलेले आकडे:
पहिला रविवार: व्यायाम शून्य, सकाळ शून्य.
दुसरा रविवार: शून्य, शून्य.
आज: शून्य, शून्य.

याटोर


मोंबासा, २२ ऑक्टोबर १९९९

याटोर,

तीन आठवड्यांत शून्य. मी पत्र दोनदा वाचलं. इथे किनाऱ्यावरच्या रोग्यांचा हात लावायच्या आधीच आठ असतो, आणि टेबलावर बसवलं की दहा. तुझी शीर बहुतेक वाटलं होतं तेवढी बिघडलेली नव्हती.

आता भार. पाठपिशवीत पाच किलो मका भर आणि तीच पायरी, तोच व्यायाम. आठवडाभर शून्य राहिला तर आणखी पाच. असं वीसपर्यंत जाऊ. किमेलीला सांग, पिशवी भरून तोच देईल. हसणाऱ्याला कामाला लावावं.

मामा


इतेन, २८ नोव्हेंबर १९९९

मामा,

पिशवीत पंधरा किलो मका आहे. आकडे सगळ्या रविवारचे शून्य, शून्य. वेगळे लिहीत नाही.

बाकी विशेष काही नाही. खाट मी दाराजवळ घेतली. जुन्या बुटांचा टाचेकडचा भाग कापून टाकला, हवा लागते. दूध आणायला हल्ली किमेली जातो.

धावायला केव्हा सुरुवात करू? दिवस भराभर जातायत.

याटोर


मोंबासा, १० डिसेंबर १९९९

याटोर,

पत्र तीन ओळींचं असलं की माणूस कामात आहे असं मी धरतो. खाट दाराजवळ घेतलीस म्हणजे पहाटे सगळ्यांच्या आधी बाहेर पडायचा विचार दिसतो. तुझा आजोबाही असाच, गाई उठायच्या आधी अंगणात. आणि बूट कापल्याचं मला का कळवलंस ते न कळण्याइतका मी म्हातारा झालो नाही. नवे बूट नाताळात येतील. नंबर तोच ना?

आता वीस किलो. आणि धावणं सुरू कर. आधी सपाटीवर वीस मिनिटं, आठवड्यानं चाळीस, नाताळनंतर चढण.

एक सांगतो, मोठेपणा म्हणून नाही. आमच्या इस्पितळातल्या बैठकीत मी तुझे आकडे वाचून दाखवले. मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतकी सुरेख नोंद त्यांनी पाहिली नाही. मी म्हटलं, माझा भाचा आहे.

मामा


इतेन, १६ जानेवारी २०००

मामा,

नवे बूट आले. ते अजून खोक्यात आहेत. मला घालता येत नाहीत.

तीन तारखेला मी चढणीवर धावायला गेलो. पाव वाटेवर टाच अशी दुखली की मी तांबड्या रस्त्याच्या कडेला बसलो. लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या बायका मला ओलांडून गेल्या. एकीनं विचारलं, ''पोरा, काय झालं?'' मी म्हटलं, काही नाही, बसलोय. शिबिरात परत यायला मला दोन तास लागले. त्या दिवसापासून गाठ सुपारीएवढी आहे आणि शीर धरली की आत कुरकुरते.

शून्य खोटे होते. सगळे. पहिल्या रविवारी व्यायामाचा सहा होता आणि सकाळचा सात. पाच किलो चढवले तेव्हा सात. पंधरावर आठ. खाट मी दाराजवळ घेतली कारण पहाटे मी भिंत धरून, आणि कधी कधी हातांवर रांगत बाहेर जातो, आणि पोरांनी ते पाहू नये. बूट कापले कारण कापड लागलं तरी सोसवत नव्हतं. तुम्हाला मी हे सगळं लिहीतही होतो आणि लपवतही होतो. तुम्ही ओळखावं असं वाटत होतं बहुतेक. आता तसं म्हणणंही लबाडीच आहे.

आता कारण. मी पंधरा वर्षांचा असताना आम्ही पोरं पुरुष व्हायच्या दीक्षेला, सुरीखाली बसलो. त्या गोष्टी कागदावर लिहायच्या नसतात, म्हणून एवढंच लिहितो. आमच्या चेहऱ्यांवर चिखल थापला होता. वाळल्यावर पापणी जरी हलली तरी तो तडकतो, आणि तडकला तर पोराचं, त्याच्या बापाचं आणि मामाचं तोंड काळं. तुम्ही माझ्यासमोर उभे होता. नंतर तुम्ही जवळ आलात, माझा चेहरा दोन्ही हातांत धरलात आणि म्हणालात, ''एक चीर नाही.'' महिनाभर तुम्ही गावात तेच सांगत होतात. मला आयुष्यात कोणी काही चांगलं बोललं असेल तर ते तेवढंच.

त्याच माणसाला मी सात कसं लिहू? रविवारी कागद घेऊन बसायचो, मनात सात म्हणायचो, आणि हात शून्य काढायचा.

तुम्ही बैठकीत वाचून दाखवलं हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

याटोर


मोंबासा, २७ जानेवारी २०००

याटोर,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी काम सोडून समुद्रावर जाऊन बसलो. आधी तुझा राग आला. तो तासभर टिकला. मग माझा आला, तो अजून आहे.

किनाऱ्यावरच्या माणसानं आठ म्हटलं की मनात चार धरायचे, हे मला इथल्या नोकरीत कळलं. आणि माझ्या बहिणीच्या पोरानं, आमच्या डोंगरावरच्या पोरानं, शून्य लिहिलं तर मी ते शून्य धरलं. मी कुठल्या घरातला आहे? माझ्या स्वतःच्या गुडघ्यात पाणी झालं होतं तेव्हा मी बायकोला सांगितलं नव्हतं. पण तुझे शून्य मला हवे होते. बैठकीत मिरवायला हवे होते. त्या शून्यांवर मी तुझ्या दुखऱ्या शिरेवर वीस किलो चढवले. तुझी टाच तू नाही बिघडवलीस, आपण दोघांनी मिळून बिघडवली, आणि त्यात शिकलेला मी होतो.

मोठ्या डॉक्टरीणबाईंना मी काल खरं सांगितलं. मी पुढच्या बैठकीतही सांगणार आहे.

त्या दिवशी मी जे म्हणालो ते मागे घेत नाही. तू पोर होतास आणि ते खरं होतं. पण ती एका सकाळची गोष्ट होती. सुरी लागते आणि बाजूला होते. शीर तशी नसते. तिच्याशी रोज बोलावं लागतं, आणि ती जे सांगते ते ऐकावं लागतं. तिथे गप्प बसणं शौर्य नाही, निव्वळ बहिरेपणा आहे.

आता पहिल्यापासून. दहा दिवस फक्त दोन्ही पायांवर जमिनीवर उभं राहून टाचा उचलायच्या आणि धरून ठेवायच्या. मग पायरी, वजन न घेता. चाचणीपर्यंत बारा आठवडे आहेत. पुरतील असं मी म्हणत नाही. पुरले नाहीत तरी करायचं.

आणि एक अट. आकडे फक्त मला लिहू नकोस. कागद गप्प बसतो, म्हणून तुला खोटं लिहिणं जमलं. रोज सकाळी चहाच्या वेळी, कोच आणि सगळी पोरं बसलेली असताना, उभा राहा आणि आकडा मोठ्यानं सांग. ते जमणार नसेल तर व्यायामही करू नकोस, उगाच पायरी झिजेल.

मामा


इतेन, ५ मार्च २०००

मामा,

अट वाचून मी तीन दिवस तुम्हाला शिव्या दिल्या. चौथ्या दिवशी जेमुताई आली होती, तिनं पत्र वाचलं. ती म्हणाली, ''चिखल काढून तेरा वर्षं झाली. तू अजून चेहरा धुतला नाहीस.'' आणि ती निघून गेली, बस गाठायची होती तिला.

दुसऱ्या सकाळी चहाच्या वेळी मी उभा राहिलो. कोच बिवोट पाव खात होते. मी म्हटलं, ''सकाळचा आकडा सहा.'' कोणी हसलं नाही, ते हसण्याहून वाईट. अराप सांगनं पातेलं खाली ठेवलं. दोन पोरं जमिनीकडे पाहत राहिली, माझ्या घरी कोणी मेल्यासारखी. कोच म्हणाले, ''बस खाली. चहा गार होतोय.''

असं रोज. सहा. सहा. सात. किमेलीनं विनोद करायचं सोडून दिलं, तेच मला जास्त लागलं. नवव्या दिवशी मला धीर झाला नाही. मी कप घेऊन कोपऱ्यात बसून राहिलो. तेव्हा कोच कपातून मान वर न करता म्हणाले, ''आज किती?'' मी बसल्या बसल्याच सांगितलं, पाच. ते म्हणाले, ''काल सहा होता.'' म्हणजे ते लक्षात ठेवत होते, मामा.

पायरी सुरू झाली. वजन घेतलेलं नाही. गेल्या आठवड्यात सकाळचा चार, आज तीन. गाठ तेवढीच आहे पण कुरकुर थांबली. परवापासून सपाटीवर वीस मिनिटं धावतो, एकटा, आणि मागून निघालेल्या म्हाताऱ्या सायकलवाल्यालाही पुढे जाऊ देतो.

याटोर


मोंबासा, २ एप्रिल २०००

याटोर,

गाठ राहील. तिच्याकडे पाहू नकोस, कामाकडे पाहा. आता पिशवीत पाच किलो घे, दहाच्या वर जाऊ नकोस. धावणं दिवसाआड.

कोचना मी वेगळं पत्र लिहिलंय, तुला चाचणीत धावू देण्याबद्दल, तू स्वतः विचारायचा नाहीस म्हणून. चाचणीत धाव असं मी म्हणतो, पण पाचाच्या वर आकडा गेला की वेग कमी करायचा. घोळका पुढे जातोय हे डोळ्यांसमोर पाहत कमी करायचा. तू आयुष्यात घोळका सोडला नाहीस हे मला माहीत आहे. तुमच्यातलं कोणीच सोडत नाही, पडेपर्यंत चिकटून राहतात. म्हणून विचारतो, करशील का? 'हो' लिहू नकोस. करून दाखव.

मामा


इतेन, ३ मे २०००

मामा,

शनिवारी चाचणी झाली. सांगतो.

नऊ किलोमीटरपर्यंत मी पहिल्या सात जणांच्या घोळक्यात होतो. टाच तीन म्हणत होती. दहाव्याला चढण लागली आणि चार झाला, मग पाच. किमेली माझ्या खांद्याला खांदा लावून धावत होता आणि त्याचा श्वास माझ्याहून जड होता. मला माहीत होतं की मी त्याला चिकटून राहू शकतो. मग सहा झाला. मी ते मनात म्हटलं आणि पाय सैल सोडले.

असं वाटलं की कोणी माझ्या पोटातून दोर ओढून नेतोय. ते सहा जण दहा पावलं पुढे गेले, मग तीस. मागून आणखी तिघे आले आणि गेले. एकानं मागे वळून पाहिलं, त्याला वाटलं मी संपलो. मी रडत होतो, मामा, हे सांगून टाकतो. वरच्या शाळेपाशी आकडा चारावर आला. सपाटी लागली तेव्हा मी पुन्हा वेग घेतला आणि त्या तिघांना मागे टाकलं. मी सातवा आलो. सहाव्या आणि माझ्यात अकरा सेकंद.

यादी सहांची होती. माझं नाव नव्हतं.

कोचनी पहिल्या सहांना ओळीत उभं केलं. मला वाटलं अभिनंदन करतील. त्यांनी पहिल्याला विचारलं, ''आकडा किती?'' तो म्हणाला, शून्य. दुसरा शून्य. तिसरा शून्य. किमेली एका पायावर उभा होता, दुसऱ्याची फक्त बोटं जमिनीला लागत होती, आणि तोही म्हणाला, शून्य. मग ते माझ्याकडे वळले. मी म्हटलं, ''चार. चढणीवर सहा होता, तेव्हा मी सोडलं.''

कोच म्हणाले, ''या सहांचं मी काय करू ते मला माहीत नाही. कोण कधी मोडेल ते मला कळणार नाही. याचं मी काय करू ते मला माहीत आहे.'' मग म्हणाले, तुझी खाट राहील. सप्टेंबरात दुसरी शर्यत आहे, तिच्यासाठी तुला आत्तापासून तयार करायचं. आणि हे सहा जण विमानात बसेपर्यंत रोज सकाळी तुझ्याबरोबर त्या पायरीवर येतील.

रविवारी सकाळी आम्ही सात जण पायरीपाशी होतो. पायरी दोघांपुरतीच आहे, म्हणून रांग लागली आणि अराप सांग पातेलं घेऊन आमच्यावर ओरडला. किमेलीची पाळी आली. तो उतरला, चेहरा लाकडासारखा. मी विचारलं, किती. तो म्हणाला, शून्य. मी म्हटलं, पुन्हा उतर. तो उतरला. घाम कानामागून गळत होता. मी पुन्हा विचारलं. त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि माझ्या कानाजवळ येऊन म्हणाला, सात.

मी म्हटलं, ''मोठ्यानं म्हण. मला तुझी टाच ऐकू येत नाही.''

त्यानं पायरीवर पुन्हा टाचा उचलल्या. मग म्हणाला, सात, आणि मागे रांगेत उभा असलेला कोणीतरी हळूच म्हणाला, माझा पाच.

याटोर